अलिबागसे आया है क्या?

मुंबईत कुणाला बावळट ठरवायचं असलं की "अलिबागसे आया है क्या?" असं विचारायची जुनी पद्धत आहे. अलिबागकरांना ते अर्थातच झोंबतं. २०१९ साली तर या वाक्यावर बंदी आणा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, कोर्टाने ती फेटाळली. मी पडलो नाशिकचा, त्यामुळे या भांडणात माझं काही जात-येत नाही. पण गेले काही शनिवार-रविवार जे वाचतोय त्यावरून एक नक्की सांगतो. सूर्यावर काम करणारे, उपग्रह सांभाळणारे, विजेच्या ग्रीडची काळजी करणारे अशा कितीतरी लोकांच्या ग्राफमधली एक रेघ खरोखरच अलिबागहून आलेली असते. आणि अलिबागच्या आधी ती कुलाब्याहून येत होती.

माझं रोजचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या आकड्यांची चित्रं काढून देणं. क्लायंटला रिपोर्ट हवा असतो, त्यात ग्राफ हवे असतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतोच, "जरा थ्री-डी पाय चार्ट टाका ना!" (टाकतो. पगार त्याचाच मिळतो.) आमच्या धंद्यात याला डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतात, आणि ते जणू कालपरवाच कुणीतरी शोधून काढलं अशा थाटात त्याचे सेमिनार होतात. म्हणून आज जरा मागे जाऊ या. आपल्याच महाराष्ट्रात, संशोधकांसाठी आकडे गोळा करून त्यांची चित्रं काढता येतील अशी सोय करून ठेवणारी माणसं दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून आहेत.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. मूळ हेतू व्यवहारी होता. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी, त्यासाठी तारे बघायचे. पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कामाने. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक ऑर्लेबार यांनी १८४१ मध्ये तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची मोजमापं सुरू केली. युरोपात तेव्हा गाऊसच्या प्रभावाने जगभर चुंबकीय वेधशाळांची साखळी उभी करायची हवा होती, त्यातलंच हे. ऑर्लेबारसाहेबांनी मदतनीस म्हणून एक मराठी पोरगा घेतला, जेमतेम सोळा वर्षांचा. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. म्हणजेच केरूनाना छत्रे, पुढे ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत करणारे आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे. गंमत म्हणजे केरूनानांचं गाव नागाव. कुठलं? अलिबागजवळचं! तेव्हा "अलिबागसे आया है क्या" या प्रश्नाला कुलाबा वेधशाळेत तरी "हो" असं सरळ उत्तर होतं.

(इथे एक गोंधळ मिटवून टाकतो. कुलाबा वेधशाळा ती मुंबईतली, आणि कुलाबा जिल्हा तो ज्याचं मुख्य ठिकाण अलिबाग. त्या जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळालं. मी पहिल्यांदा वाचताना दोन वेळा नकाशा उघडला.)

काम काय होतं? एक चुंबक रेशमी धाग्याने टांगलेला. त्याला आरसा लावलेला. लांबून दुर्बिणीतून त्या आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला. दिवसरात्र. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, दिवाळीत, गणपतीत. चुंबक अस्वस्थ दिसला की दर पंधरा मिनिटांनी वाचायचं, फारच अस्वस्थ असेल तर दर पाच मिनिटांनी. मग वर्षअखेरीला सगळं छापायचं, आणि त्या जाडजूड ग्रंथात नुसती कोष्टकं. वाचायला घेतलं तर पाच मिनिटांत झोप येईल असं हे साहित्य आहे. पण यातला तो शेवटचा नियम लक्षात ठेवा, पंधरा मिनिटांचा आणि पाच मिनिटांचा. आजच्या भाषेत हा 'अ‍ॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंग रेट', आणि तो माणसांकडून पाळून घेतलेला.

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार. वेधशाळा तेव्हा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली होती. सकाळी दहाच्या आसपास चुंबकाने आधी थोडी उसळी घेतली आणि मग तो जो घसरायला लागला... आपल्याकडे क्षितिजसमांतर चुंबकीय बल आजच्या एककात साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असतं आणि रोजच्या रोज ते काही दशक नॅनोटेस्लाने वरखाली होतं. त्या दिवशी दुपारच्या आत ते सुमारे १,६०० ने खाली गेलं. ड्यूटीवरच्या माणसाने काय केलं? नियमाप्रमाणे वाचनं वाढवली. आकडे लिहिले. नंतर ते कोष्टकात गेले, छापले गेले, कपाटात जाऊन बसले.

आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना त्याला डागांपाशी अचानक पांढरा लखलखाट दिसला होता. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी हे चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. अमेरिकेत तारखात्याच्या लोकांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या त्या वादळी प्रवाहावर तारा पाठवल्या, हा किस्सा प्रसिद्धच आहे. आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लंडनजवळच्या ग्रीनिच आणि क्यू या वेधशाळांमध्ये तेव्हा स्वयंचलित यंत्रं होती. आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटोग्राफिक कागदावर पडणार आणि आपोआप रेघ उमटणार, म्हणजे थेट ग्राफ. माणूस नको, वही नको. पण वादळ इतकं मोठं होतं की तो ठिपका कागदाच्या बाहेर गेला! ग्राफ काढणाऱ्या यंत्राकडे ऐन वेळी ग्राफ नव्हता. आणि कुलाब्यात, जिथे ग्राफ बिफ काही नव्हतं, तिथे माणूस डोळ्यांनी वाचत होता म्हणून आकडे होते.

माझा यंत्रांवर राग नाही, नाहीतर माझं पोट कसं भरेल :-) कुलाब्यालाही १८७२ मध्ये फोटोग्राफिक यंत्रं आलीच, आणि त्यांचा फायदा प्रचंड होता. दोन वाचनांच्या मधल्या वेळात काय झालं ते दिसायला लागलं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी पुढे वाटाण्याच्या अंकुराचे रोज थोडे थोडे फोटो घेऊन त्याची वाढ पडद्यावर धावती करून दाखवली, तोच हा आनंद. डोळ्यांना न दिसणारा बदल दिसता करायचा. फक्त रेघ हे आकड्यांनंतरचं पाऊल आहे. रेघ काढताना कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं की कागद किती उंच ठेवायचा.

आता येतात नानाभाई फ्रामजी मूस. १८९६ मध्ये हे पारशी गृहस्थ वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे आलेला प्रश्न अगदी आजच्या इन्फ्रास्ट्रक्चर प्रोजेक्टसारखा आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम येणार होती. सगळ्यांना आनंद. पण ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत झिरपतो, आणि अशा प्रवाहाने कुलाब्यातले नाजूक चुंबक हलणार. म्हणजे सूर्याने काय केलं ते मोजायचं सोडून ट्राम कुठल्या नाक्यावर उभी आहे ते मोजत बसायचं. वेधशाळा हलवणं भाग होतं. जागा ठरली मुंबईपासून समुद्रापलीकडे साधारण ३० किलोमीटरवर, अलिबागला. इमारतीत लोखंड नको म्हणून चुंबकाला न जुमानणारा पोरबंदरी दगड वापरला.

इथपर्यंत कुठल्याही सरकारी खात्याने केलं असतं. मूस यांनी पुढे जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली. ट्राम १९०७ मध्ये धावली. दोन वर्षं दुप्पट काम कशासाठी? जुन्या जागेचे आकडे आणि नव्या जागेचे आकडे एकमेकांना जोडता यावेत म्हणून! आमच्याकडे जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करताना 'पॅरलल रन' नावाचा प्रकार असतो. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये तो दोन महिन्यांचा लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात दोन दिवसांत आटपतात, कारण डेडलाईन. मूस यांनी दोन वर्षं केला. त्यामुळे १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची एक सलग रेघ आपल्याकडे आहे. जगात असली उदाहरणं फार थोडी.

मग १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा प्रचंड ग्रंथ काढला, दोन भागांत. पहिल्या भागात आकडे आणि उपकरणं, दुसऱ्यात त्यांची चर्चा. अनेक चुंबकीय वादळं घ्यायची, ती सगळी सुरुवातीच्या क्षणापाशी एकावर एक जुळवायची आणि सरासरी काढायची म्हणजे वादळाचा स्वतःचा आकार दिसतो, ही युक्ती त्यांनी वापरली. पुढे सिडनी चॅपमनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने ही वाट फार लांबवर नेली. पण दोन भाग वेगळे ठेवण्यात जो शहाणपणा आहे तो मला जास्त भावतो. माझं म्हणणं पटलं नाही तर हे घ्या आकडे, तुम्ही तुमचं चित्र काढा.

यानंतर बराच काळ आकडे तसेच कोष्टकात आणि चित्रं ग्राफ पेपरवर. मध्ये एक टप्पा आहे तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण चमूने टिफ्रॅक नावाचा संगणक पूर्ण केला. व्हॅक्यूम ट्यूबचा, खोलीभर पसरलेला. त्याला एक कॅथोड रे ट्यूबचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आकडेमोडीचं उत्तर आलेखाच्या रूपात बघता येत असे! लोक शून्य-एकच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होते तेव्हा या लोकांना वाटलं की संशोधकाला नुसते आकडे देऊन भागणार नाही, त्याला चित्र दिसलं पाहिजे. आणि ही संस्था कुठे? पुन्हा कुलाब्यालाच.

आता थेट पुण्याला येऊ. साधारण २००२ पासून आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टीम्स यांनी मिळून 'व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया' हा प्रकल्प चालवला. आयुकाकडून अजित केंभावी. एका बाजूला खगोलशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला माझ्यासारखे जावा लिहिणारे इंजिनिअर. त्यांनी व्हीओप्लॉट नावाचं टूल केलं. जगातल्या कुठल्याही कॅटलॉगमधले लाखो तारे घ्या, दोन कॉलम निवडा, ठिपके मांडा, त्यातला विचित्र घोळका माउसने वेगळा करा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या मोठ्या खगोलीय डेटा केंद्राच्या कॅटलॉग सेवेतून ते थेट उघडत असे. म्हणजे अमेरिकेतला संशोधक फ्रान्समधल्या सर्व्हरवरचा डेटा पुण्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमने बघायचा. पुढे ठिपक्यांची संख्या कोटींकडे जायला लागली तेव्हा त्यांनी त्यासाठीही वेगळी आवृत्ती काढली.

मला विचाराल तर त्यातली खरी करामत ग्राफ नव्हती. ग्राफ कुणीही काढेल. करामत होती ती व्हीओटेबल या फॉरमॅटची, जो २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी मिळून ठरवला आणि ज्याच्या भोवती पुण्याच्या लोकांनी टूल बांधलं. यात प्रत्येक कॉलमबरोबर त्याचं एकक आणि अर्थ लिहिलेला असतो. हे अंतर आहे, हे तेज आहे, हे अमुक एककात आहे. एक्सेलची फाईल आली आणि कॉलमचं नाव 'व्हॅल्यू २' असलं की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो, तो का ते संगणकवाल्यांना सांगायला नको. ज्याने मोजलं तो समोर बसलेला नाही, तो दुसऱ्या देशात आहे किंवा कदाचित मरूनही गेला आहे. त्याच्या आकड्यांचा अर्थ आकड्यांच्या सोबतच प्रवास करायला हवा.

आणि आता कपाटात बसलेली ती १८५९ ची कोष्टकं.

२००३ मध्ये अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात कुलाब्याच्या त्या दिवसाच्या वाचनांचा ग्राफ आहे. एक रेघ, सकाळी दहाच्या सुमारास खाली कोसळणारी. १४४ वर्षांनी! कॅरिंग्टनचं वादळ किती मोठं होतं याचा अंदाज त्यांनी या रेघेवरून केला आणि तो आला उणे १,७६० नॅनोटेस्ला. तुलनेला सांगतो, मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात ज्या वादळाने साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, ते याच मापात उणे ५८९ होतं.

कुलाबाच का लागलं? युरोपातल्या वेधशाळा ध्रुवाच्या जवळ. तिथल्या चुंबकांवर ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहांचा फार गोंधळ असतो. पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा जो प्रवाह वादळाची खरी ताकद सांगतो, तो बघायला विषुववृत्ताकडची जागा बरी. आणि तशा जागेवरची, एवढ्या बारीक अंतराने घेतलेली वाचनं कुलाब्याची होती. आज विजेच्या ग्रीडचे आणि उपग्रहांचे इंजिनिअर "जास्तीत जास्त वाईट काय होऊ शकतं" असं विचारतात तेव्हा त्यांच्या हिशोबात ही रेघ असते. १८५९ साली आकडा लिहिणाऱ्या माणसाला उपग्रह म्हणजे चंद्र एवढंच माहीत.

लगेच वादही झाला, आणि तो चांगलाच आहे. २००६ मध्ये सिस्को आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, हा निर्देशांक तासाच्या सरासरीवर काढायचा असतो, तसा काढला तर तो उणे ८५० च्या आसपास येतो, म्हणजे निम्मा! एवढी खोल आणि झटपट घसरण त्या कड्याच्या प्रवाहाची असेल का, यावरही मतभेद आहेत. मग २०२२ मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि सहकारी पुन्हा त्याच जुन्या छापील ग्रंथाकडे गेले आणि फक्त एक नाही, चुंबकीय बलाचे तिन्ही घटक त्यांनी काढून मांडले. एकाच वहीतून तीन वेळा वेगळं चित्र. कुलाब्याहून नुसता ग्राफ आला असता तर हे भांडण करताच आलं नसतं.

नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ, खोडदला, अशीच एक नवी वही आहे. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. बसमधून जाताना लोक दाखवतात, "ती बघ दुर्बीण", आणि पोरं विचारतात, यातून बघतात कुठून? बघत नाहीतच. तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडीचे सिग्नल जुळवून आकडे मिळतात आणि त्या आकड्यांतून चित्र गणिताने रचावं लागतं. २०१० ते २०१२ मध्ये तिथे जवळजवळ सगळ्या दिसणाऱ्या आकाशाची पाहणी झाली. डेटा साठवून ठेवला, सगळ्यांना खुला केला. मग ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा आपल्या सॉफ्टवेअरने पुन्हा पहिल्यापासून चालवला आणि २०१७ मध्ये आकाशाच्या ९० टक्के भागाचा नकाशा आणि ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या सॉफ्टवेअरचं मुख्य काम काय, तर पृथ्वीच्या वरच्या विद्युतभारित थराने, आयनोस्फिअरने, चित्र जे थरथरवलेलं असतं ते सरळ करणं. वाहत्या ओढ्याच्या तळाचा दगड हलताना दिसतो ना, तसं. आणि अलिबागच्या चुंबकावर रोजचा जो चढउतार दिसतो तो बराचसा याच थरातल्या प्रवाहांमुळे. खोडदवाल्यांचा कचरा तो अलिबागवाल्यांचा माल! दोन्ही गावांतलं अंतर फार नाही, विषय मात्र पूर्ण वेगळे समजले जातात.

मे २०२४ मध्ये सूर्याने पुन्हा मोठं वादळ पाठवलं, लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल झालेलं दिसलं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर ते फोटो फिरले. मापात ते उणे ४०० च्या थोडं पलीकडे गेलं. त्या रात्रीची अलिबागची रेघ आणि १८५९ ची कुलाब्याची रेघ एका कागदावर मांडायची तर मधला सांधा म्हणजे मूस यांची ती दोन वर्षं. कुणाला रविवारी दुपारी हात चालवायचा असेल तर अलिबागचा मिनिटामिनिटाचा डेटा इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यावर मिळतो. वेधशाळेचा कोड एबीजी. साधी टेक्स्ट फाईल असते, वर एकक आणि घटक लिहिलेले असतात. पाय चार्ट तेवढा काढू नका.